मुलाच्या घोरण्यावरचे ‘पॅकेज’

आमचा मुलगा सात वर्षांचा आहे. तो रात्री मोठ्याने घोरत असे, तोंड उघडे ठेवून झोपत असे, आणि ‘एका जागी बसत नाही, वर्गात लक्ष नसते’ अशी शाळेची तक्रार होती. पश्चिम उपनगरातील एका ‘बालनिद्रा तज्ज्ञां’ची जाहिरात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली, म्हणून आम्ही तेथे गेलो. तोच मजकूर आता दुसऱ्या नावाने फिरू लागल्यामुळे हा अनुभव लिहीत आहे.

त्या गृहस्थांनी मुलाच्या घशात टॉर्च मारूनदेखील पाहिले नाही. बोटाला लावायचा एक चिमटा आणि त्याला जोडलेले छोटे यंत्र त्यांनी आमच्या हाती दिले, ते रात्रभर लावून सकाळी परत आणण्यास सांगितले आणि ‘स्लीप स्टडी’ म्हणून साडेसहा हजार रुपये घेतले. अहवाल मात्र देखणा होता. गुळगुळीत कागद, रंगीत आलेख आणि पहिल्याच पानावर लाल अक्षरांत ‘तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, ऑक्सिजन ६४ टक्के’. स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडणे. “मॅडम, झोपेत श्वास थांबला तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही,” असे त्यांनी माझ्या पत्नीला मुलाच्या देखत सांगितले. त्यानंतर पुढचे सगळे भराभर झाले: सीपॅप यंत्र (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे), झोपेसाठी मेलाटोनिनच्या गोळ्या आणि फोनवरून सल्ला मिळून ४८,००० रुपयांचे पॅकेज, सवलत फक्त शनिवारपर्यंत, आणि निम्मी रक्कम तेथल्या तेथे यूपीआयने, तीही दवाखान्याच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यावर. घरी आलेला मास्क मोठ्या माणसांचा होता. त्याचे पट्टे गाठ मारून आवळले तरी हवा डोळ्यांकडे निसटत होती.

मूल मास्क लावू देईना, तेव्हा आम्ही परळच्या एका रुग्णालयात कान-नाक-घशाच्या ओपीडीत गेलो. तेथील डॉक्टरांनी आधी घसा पाहिला, मानेचा बाजूने एक्स-रे काढायला सांगितला आणि मगच तो अहवाल हातात घेतला. ऑक्सिजनचा आलेख जेथे जेथे खोल गेला होता, तेथे त्यांनी पेन्सिलने उभी रेघ मारून ती खालच्या नाडीच्या आलेखापर्यंत नेली. त्या प्रत्येक ठिकाणी नाडीची रेषाही तुटलेली होती. चिमटा बोटावरून सरकला होता, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला रोज असे आलेख वाचायचे असतात त्याच्या हे नजरेतून सुटत नाही, असे त्या म्हणाल्या. पुढचे त्यांनी आमच्यावर सोपवले.

मुलांच्या झोपेची खरी तपासणी, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी, रुग्णालयात रात्रभर तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली होते आणि पालकांपैकी एकाला सोबत राहता येते. डोक्याला मेंदूच्या लहरींसाठी तारा, डोळ्यांजवळ आणि हनुवटीवर इलेक्ट्रोड, नाकाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी, छाती-पोटाला पट्टे, पायांच्या हालचालींची नोंद, हृदयाचा आलेख आणि ऑक्सिजन, इतके सगळे एकाच वेळी टिपले जाते. मुलांमध्ये अ‍ॅप्नियाचे निदान घरगुती चाचणीवरून करू नये, अशी भूमिका अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१७ मध्येच जाहीर केली आहे. मोजमापही वेगळे असते: श्वास अडण्याचे प्रसंग प्रौढांत तासाला पाचाहून कमी असल्यास ते सामान्य धरतात, मुलांत मात्र एकापेक्षा अधिक झाले तरी दखल घेतली जाते. लहान मुलांत याचे सर्वांत मोठे कारण वाढलेले टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात असलेल्या टॉन्सिलसारख्याच गाठी) हे असते, आणि बहुतेकदा पहिला उपाय त्यांची शस्त्रक्रिया हा असतो. सीपॅप सहसा त्यानंतर किंवा शस्त्रक्रिया शक्य नसल्यास येते, आणि तेव्हाही मास्क मुलाच्या मापाचा व हवेचा दाब तपासणी करून ठरवलेला असावा लागतो. आमच्या मुलाचे अ‍ॅडेनॉइड बरेच वाढलेले निघाले. म्हणजे आजार होता; विकला गेला तो भलताच उपाय.

पैसे परत मागताना आम्ही नोंदणी क्रमांक विचारला, तेव्हा एका खासगी संघटनेचा सदस्यत्व क्रमांक पुढे करण्यात आला. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येते. या गृहस्थांचे नाव तेथे मिळाले नाही. झोपेच्या तक्रारी आपल्याकडे बालरोग, कान-नाक-घसा, श्वसनविकार किंवा बालमेंदूविकार यांचे डॉक्टर पाहतात, त्यामुळे पाटीवर नुसते ‘स्लीप’ असेल तर मूळ पदवी कोणती, हे पैसे देण्यापूर्वी विचारण्यात काहीच संकोच नसावा.

आम्ही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तेथे शुल्क लागत नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र जावे लागते. समोरच्या पक्षाचे म्हणणे असे की, आपण वैद्यकीय उपचार केलेच नाहीत, पावतीवर ‘वेलनेस प्रोग्रॅम’ असे स्पष्ट लिहिले आहे. पावतीतील त्या दोन शब्दांचे प्रयोजन आम्हाला तेव्हा उमगले. त्यावर आम्ही ‘तीव्र स्लीप अ‍ॅप्निया’ लिहिलेले अहवालाचे पहिले पान, जाहिरातीतील ‘तज्ज्ञ’ या शब्दाचा स्क्रीनशॉट आणि यूपीआयची नोंद जोडली आहे, आणि अर्ज सध्या सुनावणीसाठी प्रलंबित आहे.