जयपूरला एकच दिवस आहे: आमेर की जुनं शहर?

लोक दोन्ही एका दिवसात कोंबतात आणि मग धड काहीच बघून होत नाही. आमेरचा किल्ला जयपूरपासून ११ किमी, तिथला गणेश पोल हा दरवाजा, शीशमहाल, मागचं पन्ना मीना कुंड यात अर्धा दिवस आरामात जातो. किल्ला भारीच आहे, वादच नाही, पण सकाळी लवकर गेलात तर, नंतर ऊन आणि टूरच्या बसेस एकदमच येतात. शॉपिंगची मात्र बोंब. परतताना ड्रायव्हर "नुसतं बघा, घेऊ नका" म्हणत एखाद्या एम्पोरियमला नेतो, तिथे चहा फुकट आणि त्याचं कमिशन तुमच्याच बिलात!!

जुन्या शहरात सगळं पायी होतं. जंतरमंतर या जुन्या वेधशाळेतलं सम्राट यंत्र म्हणजे २७ मीटर उंच सूर्यघड्याळ, त्याची सावली सरकताना चक्क डोळ्यांना दिसते, जरा थांबा फक्त. हवामहल (१७९९) रस्त्यावरून बघितला तरी पुरे. मग त्रिपोलिया बाजाराजवळच्या मणिहारों का रास्ता गल्लीत शिरा, तिथे निखाऱ्यावर लाख तापवून, लाटून तुमच्यासमोर हाताच्या मापाची बांगडी वळून देतात, वर खडे पण आपल्या पसंतीचे. बापू बाजारात मोजडी, सांगानेरी प्रिंट, रजया, आणि भाव निम्म्यापासून सुरू करायचा, तुळशीबागेत तयार झालेल्यांना हे काय सांगायचं म्हणा.

माझं मत जुन्या शहराला. फक्त रविवारी बापू बाजारातली बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा सरळ आमेर गाठा.