‘लाइन अपग्रेड’च्या नावाखाली माझे ११,७०० गेले, घोडबंदर रोडवाल्यांनी जरूर वाचा

आधीच सांगते, मी अडाणी नाही. एमएस्सी झालेय, नववी-दहावीच्या मुलांना गणित आणि विज्ञान ऑनलाइन शिकवते. ओटीपी मागणारे, वीज तोडतो म्हणणारे, पार्सल अडकलंय म्हणणारे सगळे मला माहीत होते, घरातल्या मोठ्यांना मीच सावध करायचे. तरी माझे ११,७०० रुपये गेले आणि तेही फोनवर नाही, माझ्या हॉलमध्ये, मी शेजारी उभी असताना.

जानेवारीत पोरांची प्रिलिम तोंडावर आलेली आणि आमचं नेट तासाला दोन-तीनदा जायला लागलं. मोडेमवरचा लाल दिवा लुकलुकायचा, अर्ध्या मिनिटाने नेट परत यायचं, पण तोपर्यंत २२ पोरं क्लासमधून बाहेर फेकली जायची. १०० एमबीपीएसचा प्लॅन, महिन्याला ७९९ अधिक जीएसटी म्हणजे ९४२.८२ रुपये, एकदाही उशिरा भरलेले नाहीत. मेट्रो ४ चं काम, सर्व्हिस रोड कायम खोदलेला, त्यामुळे कुठेतरी केबल दुखावली असणार हे आम्ही वाघबीळवाले धरूनच चालतो. ॲपवर तक्रार टाकली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास फोन. “ताई, तुमची काल कम्प्लेंट होती ना नेट ड्रॉप होतंय म्हणून?” आणि त्याने तक्रार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सांगितले. बरोबर होते. मला नावं ठेवणाऱ्यांनी इथे जरा थांबा, तो क्रमांक मला आणि कंपनीला सोडून कोणाला माहीत असणार? मी कुठे नंबर शोधून फोन केला नव्हता, कुठली लिंक उघडली नव्हती. तो आला तेव्हा गेटवर त्याने कंपनीचं नाव सांगून एंट्री केली, वॉचमनने इंटरकॉमवर विचारलं, मी म्हटलं सोडा. गळ्यात आयकार्ड, पाठीवर बॅग, बॅगेत वायरीला टोक बसवायची क्रिम्पिंगची पकड, बोलणं एकदम अदबीचं.

आता ज्या गोष्टीमुळे मला अजून रात्री झोप लागत नाही ती सांगते.

त्याने माझाच फोन मागितला, आतल्या बेडरूममध्ये गेला, दार लोटलं आणि तिथे स्पीड टेस्ट लावली. १६ आला. “बघा ताई, पैसे १०० चे भरता आणि मिळतात १६. तुमचा पोर्ट जुना आहे, १६ घरं एकाच स्प्लिटरवर, म्हणजे एका फायबरचे फाटे करणाऱ्या डबीवर टाकलीत, तुम्हाला डेडिकेटेड पोर्ट देतो.” मग अर्धा तास वायरींच्या डक्टमध्ये डोकं घालून काहीतरी केलं, मोडेमला एक नवा राउटर जोडला, मध्ये हिरव्या दिव्याचा एक काळा डबा लावला, त्याला तो लाइन स्टॅबिलायझर म्हणत होता. आणि परत माझा फोन घेऊन हॉलमध्ये, राउटरपासून हातभर अंतरावर उभं राहून टेस्ट लावली. ९४.

पहिली टेस्ट दोन भिंतींपलीकडे, दुसरी राउटरच्या नाकासमोर. पहिल्या वेळी फोन वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर होता, दुसऱ्या वेळी त्याने तो ५ गिगाहर्ट्झच्या नावावर टाकला, मी बघितलं त्याला ते बदलताना, मला वाटलं नवीन राउटर आहे म्हणून नवीन नाव असेल. २.४ लांब जातो पण हळू असतो, आणि टॉवरमध्ये वरच्या-खालच्या-शेजारच्या सगळ्यांचे वायफाय त्याच पट्ट्यात कोंबलेले, एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. ५ वाला जोरात पळतो पण भिंत आली की पडतो. म्हणजे जुन्याच मोडेमच्या वायफायवर हॉलमध्ये टेस्ट लावली असती तरी आकडा १६ पेक्षा बराच वर गेला असता! मी विज्ञान शिकवते हो. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, नाहीतर निष्कर्षाला काही अर्थ नाही, हे दर वर्षी पोरांना घोकून घेते, आणि माझ्या डोळ्यांसमोर एका माणसाने जागा, बँड आणि राउटर तिन्ही एकदम बदलले आणि मी “अरे वा” म्हटलं. एकदाच म्हणायला हवं होतं, परत बेडरूममध्ये येऊन दाखव. पण पाच वाजता बॅच होती, आकडा हिरवा दिसला, मला तो खरा हवाच होता.

पैसे असे घेतले: डेडिकेटेड पोर्ट २,००० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे २,३६०, राउटर ४,४९९, स्टॅबिलायझर १,८५०. बेरीज ८,७०९, त्यातले ९ त्याने सोडले. क्यूआर स्कॅन केल्यावर कंपनीचं नाव नाही, एका बाईचं नाव आलं, मी विचारलं तर म्हणे आमच्या अकाउंटच्या मॅडम. पिन टाकायच्या आधी जे नाव दिसतं तेच पैसे घेणार असतं, कंपनीचं नाव नसेल तर तिथेच फोन खाली ठेवा. पावती दिली, छापील, जीएसटी नंबरसकट. नंतर मोजला तर १४ अक्षरं. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. ह्याला मिनिटही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी परत त्याचा फोन, पोर्ट ॲक्टिव्हेट करायला ३,००० डिपॉझिट, ३० दिवसांनी परत. भरले. हे नवऱ्यालासुद्धा आठ दिवस सांगितलं नव्हतं. आधीचे ८,७०० गेलेच आहेत, आता ३,००० साठी काम अर्धवट कशाला ठेवायचं असा विचार केला, आणि जी माणसं हसतात ती अशा वेळी वेगळं काय करतात मला बघायचंय.

त्याच संध्याकाळी लाल दिवा परत लुकलुकला. तोपर्यंत त्याचा फोन बंद.

कंपनीचं कस्टमर केअर म्हणतं ती व्यक्ती आमची नाही, पेमेंट आमच्याकडे नाही, त्यामुळे तक्रार बनतच नाही. मग माझा तक्रार क्रमांक त्याच्याकडे गेला कसा? तीन वेळा विचारलं, तीन वेळा “आपल्या असुविधेबद्दल क्षमस्व”. बँक म्हणते पिन तुम्ही स्वतः टाकलात. चौकीत गेले तर पहिला प्रश्न, “मॅडम, वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली, हे सिव्हिल आहे.” दुसऱ्या दिवशी म्हणे अर्ज लिहून आणा, आणला. तिसऱ्या दिवशी म्हणे दोन झेरॉक्स लागतील आणि साहेब बंदोबस्ताला गेलेत. चौथ्या दिवशी, पैसे ज्या खात्यात गेले ते दुसऱ्या हद्दीतलं, तिकडे जा. चार दिवस, चार बॅचेस बुडाल्या, पालकांचे फोन वेगळेच, आणि हातात काय तर अर्जावर पोचचा शिक्का, तोही मी हटून बसले म्हणून. हद्द कुठलीही असली तरी झिरो एफआयआर घेता येतो हे मला घरी येऊन वाचल्यावर कळलं, तिथे बसलेल्या माणसाला ते माहीत नसेल असं मला वाटत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, जाताना अर्जातच लिहून न्या. आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन आधी करा, चौकी नंतर, कारण पैसे वाटेत अडवायचे असतील तर पहिले काही तासच हातात असतात. मी तिसऱ्या दिवशी केला, खातं तोपर्यंत रिकामं.

कंपनीचा खरा लाइनमन नवव्या दिवशी आला. खिशातून फायबरमधला प्रकाश मोजायचा पॉवर मीटर काढला, फायबरचं टोक लावलं, मायनस २९ डीबीएम. साधारणपणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका प्रकाश जास्त, मायनस २७ च्या पलीकडे गेला की मोडेमला लाइन धरवत नाही. शू-रॅक सरकवला तेव्हा मागे फायबर काटकोनात दुमडलेली, तिथून प्रकाश गळत होता. वायर मोकळी केली, टोकाचं कनेक्टर नवीन घातलं, मायनस २१. म्हणजे आधीच्या सहापट प्रकाश. २० मिनिटं, शून्य रुपये. नेट सारखं जात असेल तर लाइनचा प्रॉब्लेम, एखाद्या खोलीत स्लो असेल तर वायफायचा, हे दोन वेगळे आजार आहेत आणि असे लोक एकाचं नाव सांगून दुसऱ्याचं औषध विकतात. स्पीड तपासायचा तर लॅपटॉपला लॅन वायर लावून तपासा, आणि घरी कोणीही आला की पहिलं वाक्य, “पॉवर किती येतेय ते मीटरवर दाखवा.” ज्याच्याकडे मीटर नाही त्याला दारातूनच परत पाठवा. पोर्टचं विचारलं तर लाइनमन म्हणाला, फायबर स्प्लिटरवर वाटलेलीच असते, घरगुती प्लॅनला डेडिकेटेड पोर्ट वगैरे काही नसतं.

स्टॅबिलायझरचा डबा मुलाने उघडला. आत दोन लॅन वायरी जोडायचा साधा कपलर आणि एक हिरवा दिवा. राउटरवरचं स्टिकर सोलल्यावर खाली दुसऱ्या कंपनीचं जुनं, कोणीतरी वापरून टाकलेलं.

कंपनीने डॉकेट, म्हणजे तक्रारीची नोंद, नुसतं बंद केलं म्हणून गप्प बसू नका, वर अपिलाची सोय असते, मी टाकलंय. ट्राय, म्हणजे टेलिकॉमची सरकारी नियामक संस्था, एकेकट्याची तक्रार घेत नाही, तिकडे वेळ घालवू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली आहे.

गेल्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे सगळं सांगितलं, लाज वाटत होती तरी. बी विंगमधून दोन हात वर झाले. एका काकांचे ६,८५९ गेलेत, तोच माणूस, तसाच काळा डबा, आणि त्यांचीही तक्रार आदल्या दिवशी ॲपवर टाकलेली. आता आम्ही तिघं मिळून अर्ज देतोय. वाघबीळ, कासारवडवली, ओवळे, मानपाडा, कुठेही कोणाकडे हा येऊन गेला असेल तर पावती फाडू नका आणि डबा फेकू नका, त्याच अर्जाला जोडायचा आहे.