आफ्टर इफेक्ट्समध्ये इलस्ट्रेटरचं भरगच्च चित्र आणणं : रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा आख्ख्या आफ्टर इफेक्ट्सचा (अडोबीचं अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) रिव्ह्यू नाहीये. इलस्ट्रेटरमध्ये (अडोबीचंच चित्र काढायचं सॉफ्टवेअर) काढलेलं मोठं, बारीक कामाचं चित्र त्यात आणायचं आणि हलवायचं, एवढंच काम ते कसं करतं तेवढ्यापुरतं लिहितोय. ऑफिसात २०२२ चं व्हर्जन आहे, त्यावरून. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. फाईल आत घेण्याला साडेचार, तिचे शेप लेअर (आफ्टर इफेक्ट्समध्येच वाकवता-बदलता येणारे आकार) करण्याला दोन, आणि हो, सरासरी बसत नाही माहितीये, पण पहिलं काम रोज लागतं आणि दुसरं कधीमधी.

उदाहरण घेऊ म्हणजे कळेल. साडीच्या दुकानाची दिवाळीची जाहिरात, पैठणीच्या पदरावरचा मोर पिसारा फुलवतो, बस इतकंच. ऐकायला सोपं वाटतं ना, पण एकेका पिसात डोळा, डोळ्यात तीन-चार रंगाच्या कड्या, प्रत्येक कडीला ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात जाणारी छटा), खाली जरीचा काठ. क्लायंटच्या डिझायनरने फाईल दिली ती छापायला केलेली, सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग), आणि सगळं चित्र एकाच लेअरमध्ये, म्हणजे एकाच थरात, ग्रुपमध्ये ग्रुप त्यात परत ग्रुप. आफ्टर इफेक्ट्सला दिसतात फक्त सगळ्यात वरचे लेअर, आतले सबलेअर आणि ग्रुप ते चेपून एकच करून टाकतं. म्हणजे अशी फाईल टाकली की आख्खा मोर एका तुकड्यात येणार, हलवा मग पूर्ण मोरच.

त्यामुळे खरं काम इलस्ट्रेटरमध्येच उरकायचं. जे जे एकत्र हलणार त्याचा एकेक ग्रुप करा, मग लेअर पॅनलच्या मेनूत 'रिलीज टू लेअर्स, सीक्वेन्स' आहे ते दाबा, आणि जे सबलेअर होतील ते ओढून मूळ लेअरच्या बाहेर काढा. हे शेवटचं ओढणं महत्त्वाचं, आत ठेवले तर सगळं पाण्यात. नावं पण तिथेच द्या, डावं पीस, उजवं पीस, मान, चोच, ती जशीच्या तशी इकडे येतात. फाईलचा कलर मोड आरजीबी (स्क्रीनचे रंग) करा आणि सेव्ह करताना 'पीडीएफ कम्पॅटिबल' ची टिक राहू द्या, कारण आफ्टर इफेक्ट्स वाचतं तो पीडीएफचाच भाग, टिक नसेल तर चित्र दिसणारच नाही.

आता इम्पोर्ट. फाईल आत घेताना फुटेज (सगळं चित्र एक तुकडा) नको, कॉम्पोझिशन (लेअर सुटे) निवडा. त्यातही दोन प्रकार आहेत आणि बहुतेक जण डोळे झाकून 'रिटेन लेअर साइझेस' वाला घेतात, म्हणजे प्रत्येक लेअर आपापल्या मापाचा आणि अँकर पॉइंट (ज्या बिंदूभोवती लेअर फिरतो तो) त्या त्या लेअरच्या मधोमध. चेहरा-हातपाय असलेल्या कॅरेक्टरला ते ठीक आहे, तिथे अँकर एकेक करून सांध्यावर नेऊन ठेवायचेच असतात. पण पिसाऱ्याला मी साधं 'कॉम्पोझिशन' घेतो. त्यात प्रत्येक लेअर आर्टबोर्डएवढा (इलस्ट्रेटरमधल्या पानाएवढा) येतो आणि सगळ्यांचे अँकर बरोब्बर फ्रेमच्या मध्यावर, मग इलस्ट्रेटरमध्येच पिसाऱ्याचं मूळ आर्टबोर्डच्या मध्यावर आणून ठेवलं की झालं, इकडे फक्त रोटेशन द्या, सगळी पिसं एकाच बिंदूभोवती पंख्यासारखी उघडतात, एकही अँकर हलवावा लागत नाही. फक्त पिसं आर्टबोर्डच्या आत मावलेली पाहिजेत, नाहीतर टोकं कापली जातात.

मग टाइमलाइनवर लेअरच्या नावासमोरचं ते सूर्याचं बटण, 'कंटिन्युअसली रॅस्टराइज'. ते लावलं की कितीही झूम करा, मोराच्या डोळ्यात घुसा, कड धारदारच राहते. मात्र ते लावल्यावर कामाचा क्रम उलटतो, म्हणजे एरवी आधी इफेक्ट मग स्केल-रोटेशन, आणि सूर्य लावला की आधी स्केल-रोटेशन मग इफेक्ट. म्हणून जरीच्या काठावर ग्लो दिला आणि काठ मोठा केला तर काठ वाढतो पण ग्लो तेवढाच राहतो, आणि लोक म्हणतात सॉफ्टवेअर गंडलंय. गंडलेलं नाही, त्याचा नियमच तो आहे.

मला मनापासून आवडतं ते लिंक. मूळ फाईल जोडलेली राहते, इलस्ट्रेटरमध्ये रंग बदलून सेव्ह केलं की इकडे आपोआप बदलतो, केलेल्या अॅनिमेशनला धक्का नाही. रेंडर लावायच्या (शेवटचा व्हिडिओ काढायच्या) वेळेला क्लायंटचा फोन येतो ना, "हिरवा थोडा मोरपंखी करा की", त्याच्यासाठी हे वरदान आहे. साडेचार त्याचेच.

आता दोनवाला भाग. पीस नुसतं फिरवायचं नाही तर वाकवायचं असेल, किंवा रेघ काढल्यासारखी उमटवायची असेल, तर लेअरवर राइट क्लिक करून 'क्रिएट शेप्स फ्रॉम व्हेक्टर लेअर'. सीएस६ मध्ये, म्हणजे २०१२ ला हे आलं. दहा वर्षांनी, २०२२ च्या व्हर्जनमध्येही ग्रेडियंट नाही येत हो! ग्रेडियंट, ट्रान्स्परन्सी, आतले फोटो सगळं गळतं आणि ग्रेडियंटच्या जागी बऱ्याचदा करड्या रंगाचा ठोकळा दिसतो. मोराचा पार पारवा होतो. शिवाय सगळे पाथ (आकारांच्या रेघा) एकाच लेअरमध्ये, ग्रुप १, ग्रुप २ अशा नावांनी, आतल्या ग्रुपला दिलेली तुमची नावं गेली, लिंकही तुटली. हजारो पाथ असतील तर खूप वेळ घेतं आणि चाललंय की अडकलंय हे सांगतही नाही, हे अडोबीच्या हेल्पमध्येच लिहिलंय, म्हणजे त्यांनाही माहितीये. त्यामुळे आख्खा मोर कधी शेप करू नका, जे एक-दोन पिसं वाकणार तेवढीच करा. नेहमीचंच काम असेल तर ओव्हरलॉर्ड नावाचं विकतचं प्लगइन आहे, ते इलस्ट्रेटरमधून थेट शेप पाठवतं, ग्रेडियंटसकट.

रेघ उमटवायची तर ट्रिम पाथ्स (रेघ कुठून कुठपर्यंत दिसेल ते ठरवणारी सोय) लागणार आणि त्याला खरी स्ट्रोक, म्हणजे पाथला जाडी दिलेली रेघ, लागते. इलस्ट्रेटरमध्ये स्ट्रोक एक्सपांड करून ठेवलेली असेल तर ती रेघ नसते, रेघेच्या आकाराचा भरीव तुकडा असतो, ट्रिम लावलं की त्याच्या कडा चुकीच्या पळतात. कागदावरची वारली स्कॅन करून इमेज ट्रेस (फोटोचे आपोआप आकार करणारी सोय) मारलेल्या फायलीत नेमकं हेच असतं, वर पॉइंट्सचा नुसता कीस. सरळ त्यावर पेनने पुन्हा रेघा ओढा, वेळ वाचतो.

मराठी अक्षरांचं एक सांगतो, ट्युटोरियलवाले इंग्रजीतच करतात म्हणून हे कुठे मिळत नाही. टेक्स्ट आउटलाइन केलं की प्रत्येक अक्षर वेगळा आकार होतो आणि शिरोरेघेवर ते एकमेकांवर थोडे चढलेले असतात. भरीव रंगात कळत नाही. पण बाहेरून बॉर्डर दिली की 'शुभ दीपावली' च्या शिरोरेघेत दर अक्षराला सांधा दिसतो. पाथफाइंडरने युनाइट केलं की सांधे गेले, पण मग आख्खा शब्द एकच आकार, अक्षरं एकेक करून उड्या मारत आणता येणार नाहीत. मी दोन लेअर ठेवतो, उड्यांना सुटी अक्षरं बॉर्डरशिवाय, आणि ती जागेवर बसली की त्याच फ्रेमला युनाइट केलेला शब्द बॉर्डरसकट.

पैशाचं म्हणाल तर दोन्ही सॉफ्टवेअर भाड्याने घ्यावी लागतात, दर महिन्याला, त्यामुळे वर्षातून एखादी जाहिरात करणाऱ्याने घेऊ नये असं माझं मत. फुकटात इंकस्केप (चित्र काढायला) आणि ब्लेंडर (हलवायला) आहेत. ब्लेंडरच्या साध्या एसव्हीजी (इंकस्केपच्या फाईलचा प्रकार) इम्पोर्टमध्ये भरीव आकार येतात पण स्ट्रोकची जाडी येत नाही, ग्रेडियंटही नाही. ब्लेंडर २.९३ पासून ग्रीस पेन्सिल (त्यातली टूडी चित्रांची सोय) म्हणून एसव्हीजी घेता येते, टूडी वाल्यांनी तोच रस्ता धरा. आणि साध्या इम्पोर्टनंतर स्क्रीनवर काहीच दिसलं नाही तर घाबरू नका, चित्र आलेलं असतं पण मुंगीएवढं, आउटलायनरमधून (वस्तूंच्या यादीतून) सगळे कर्व्ह निवडा आणि स्केल वाढवत न्या.