खोक्यावर हिरवा ध्रुवीय प्रकाश, आत पाण्याचं रॉकेट

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका दुकानात २,६०० रुपयांना ‘साउंडिंग रॉकेट संच’ मिळतो. खोक्यावर हिरवागार ध्रुवीय प्रकाश (ध्रुवांकडच्या आकाशात रात्री उमटतो तो), आत पाण्यावर उडणाऱ्या रॉकेटचे सुटे भाग. यात फसवणूक वाटायचं कारण नाही. साउंडिंग रॉकेटने वर जायचं, जाता-येता मोजायचं आणि खाली पडायचं. पृथ्वीभोवती फिरणं त्याच्या कामात नाही. हा संच तेच काम तीस-चाळीस मीटरवर करतो, खरं रॉकेट शेकडो किलोमीटरवर. त्यामुळे गुण द्यायचे ते मोजमापाला, आणि तिथेच संच अडखळतो.

आधी उडवायचा भाग. बाटली आपण आणायची: दोन लिटरची, सोड्याची किंवा कोल्ड्रिंकचीच. पाण्याच्या बाटलीची भिंत पातळ असते, ती दाब सोसत नाही. एक तृतीयांश पाणी, म्हणजे साडेसहाशे मिलिलिटरच्या आसपास, आणि ४ बार (साठ पीएसआय) दाब पुरे. सोबतचा दाबमापक दहापर्यंत दाखवतो म्हणून दहापर्यंत जायचं नसतं. पंख सनबोर्डचे आहेत, ठीक आहेत, पण पुस्तिका ते ग्लू-गनने चिकटवायला सांगते. हे करू नका. गरम गोंदाने बाटलीचं प्लास्टिक तिथेच मऊ पडतं आणि पुढे दाबाखाली नेमकं तिथूनच फाटतं. दुहेरी चिकटपट्टी आणि वरून पॅकिंग टेपचे वेढे बास. बाटली पॉलिश पेपरने घासायचीही नाही.

बाटलीचं तोंड हवाबंद ठेवणारी रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, मात्र कडक आहे. चार-पाच उड्डाणांत तिला चरे पडतात आणि दोन बारलाच फुसफुस सुरू होते. बदली सातपूर-अंबडच्या हायड्रॉलिकच्या दुकानांत काही रुपयांत मिळते. बाटली बसते ती नळी सोबत घेऊन जा, मापाचा घोळ होत नाही. बसवताना सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा.

आता नाकातलं यंत्र, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजायचे ते. बीएमपी२८० हा हवेचा दाब मोजणारा संवेदक, नोंदी घेणारा छोटा नॅनो बोर्ड (चिमुकला संगणकच) आणि मेमरी कार्ड. संवेदक उत्तम आहे. नाशिकच्या उंचीवर दाब एक हेक्टोपास्कलने (हे हवेच्या दाबाचं एकक) उतरला की साधारण नऊ मीटर वर गेलात असं धरायचं, आणि हा संवेदक त्याहून बराच बारीक फरक ओळखतो. घोटाळा आहे तो भोकात. संचात हवेसाठी एकच भोक आहे आणि तेही नाकाच्या शेंड्यावर. रॉकेट ताशी नव्वद किलोमीटर वेगाने वर जाताना समोरची हवा तिथे थडकते आणि साडेतीन हेक्टोपास्कलच्या आसपास जादा दाब दाखवते. म्हणजे उंची तीस मीटरने कमी! जेवढं चढलं तेवढंच खाल्लं. उड्डाणाच्या सुरुवातीला आलेख जमिनीखाली जातो तो यामुळेच. संवेदक बिघडलेला नसतो. शेंड्याचं भोक एम-सीलने बुजवा आणि नाक संपून सरळ नळी सुरू होते तिथून एक व्यास खाली, सारख्या अंतरावर, दोन मिलिमीटरची चार भोकं पाडा. संवेदकावर काळ्या स्पंजचा तुकडा ठेवा, कारण थेट ऊन पडलं तरी त्याचं वाचन सरकतं.

प्रोग्रॅममध्येही दोन दुरुस्त्या हव्यात. समुद्रसपाटीचा १०१३.२५ हेक्टोपास्कल हा दाब त्यात ठोकून बसवला आहे, त्यामुळे रॉकेट जमिनीवर असतानाच सुमारे ६०० मीटर दाखवतं. ती नाशिकची उंची आहे, आपल्या रॉकेटची नाही. उड्डाणाआधी दहा सेकंदांच्या दाबाची सरासरी घेऊन तिथली उंची शून्य धरा. दुसरं, नोंदी सेकंदाला पाचच होतात. तीन सेकंदांच्या चढाईत जेमतेम पंधरा. त्या पंचवीसवर न्या आणि फाइल दर सेकंदाला कार्डावर उतरवा. मूळ प्रोग्रॅम शेवटी एकदाच लिहितो. आपटल्यावर नऊ व्होल्टच्या बॅटरीची टोपी निघाली की कार्ड कोरंच. खरी साउंडिंग रॉकेटं उडतानाच रेडिओवरून माहिती खाली पाठवत राहतात, कारण परत काय हाती लागेल याचा भरवसा नसतो.

पॅराशूट ठीक. घडी घालताना टाल्कम पावडर लावा.

संचातली सर्वांत चांगली वस्तू खोक्यावर छापलेलीच नाही: फिरती चकती आणि तिच्याभोवती गुंडाळलेल्या दोन दोऱ्या, टोकाला वजनं. खरी रॉकेटं सरळ जावीत म्हणून स्वतःभोवती फिरवतात. वर गेल्यावर मात्र तशा गरगर फिरण्यात उपकरणांचे लांब हात उघडता येत नाहीत. तेव्हा ही वजनं सोडतात, ती फिरणं घेऊन निघून जातात. चकतीवर हे एका क्षणात दिसतं. दोऱ्या सारख्या लांबीच्या ठेवा आणि वजनं एकदम सुटू द्या, नाहीतर चकती लटपटते.

पुस्तिका मात्र पुन्हा लिहायला हवी. केरळमधलं रॉकेट उडवण्याचं ठिकाण थुंबा ‘समुद्राजवळ म्हणून’ निवडलं, असं तीत आहे. थुंबा चुंबकीय विषुववृत्ताजवळ (जिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर असतं) आहे, ही मोठी गोष्ट तीत नाही. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून उडालेल्या नाइके-अपाची रॉकेटने सोडियमची वाफ सोडली. खाली अंधार, वर ऊन, त्यामुळे चमकणारी ती रेघ कशी सरकते यावरून वरच्या वाऱ्याचा अंदाज घेता येतो. बलून ४० किलोमीटरच्या आसपास थकतात, उपग्रह दोनशेच्या खाली फार टिकत नाहीत. मधल्या पट्ट्यात आत शिरून मोजायला रॉकेटच लागतं. अलास्कातलं पोकर फ्लॅट, नॉर्वेतलं अँडोया, स्वीडनमधलं एसरेंज इथे शास्त्रज्ञ हवा तसा ध्रुवीय प्रकाश उमटेपर्यंत रात्रीमागून रात्री रॉकेट तयार ठेवून बसतात. काही मिनिटांच्या उड्डाणासाठी!

पुस्तिकेतलं ध्रुवीय प्रकाशाच्या रंगांचं पान तर चुकीचंच. हिरवा १०० ते १५० किलोमीटरवर, लाल दोनशेच्या वर, दोन्ही ऑक्सिजनचेच. लाल प्रकाश टाकायला उत्तेजित अणूला जवळजवळ दोन मिनिटं लागतात, खाली दाट हवेत तेवढ्यात टक्कर होऊन ऊर्जा निघून जाते. हिरव्याला सेकंदही पुरतो. म्हणूनच मे २०२४ च्या सौर वादळात लडाखमधल्या हानलेहून फक्त लाली टिपली गेली: दूर उत्तरेचा वरचा थर तेवढा क्षितिजावर आला. खोक्यावरचं हिरवं आकाश नाशिकहून दिसायचं नाही.

उडवायला गोल्फ क्लबचं मैदान नको, तिथे चालणाऱ्यांची गर्दी. देवळालीचा लष्करी भाग आणि ओझरचा विमानतळ परिसर टाळा. पीक निघालेलं मोकळं शेत, सकाळी लवकर, वारा पडलेला असताना. शेजारी द्राक्षबाग असेल तर पन्नास पावलं लांब सरका. मांडवाच्या तारांत अडकलेलं पॅराशूट सोडवताना आधी नाकातली बॅटरी काढायची, मग दोऱ्या कापायच्या.