पहिल्या फुल मॅरेथॉनआधी कोणता माहितीपट बघावा?

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला पहिल्यांदाच फुलसाठी नाव दिलं की धावण्यावरचे तीन माहितीपट कुणी ना कुणी हमखास सुचवतं: ‘स्पिरिट ऑफ द मॅरेथॉन’, ‘ब्रेकिंग टू’ आणि ‘स्किड रो मॅरेथॉन’. अंतर तेच, ४२.१९५ किलोमीटर. पण तिघांतून हाती लागतं ते अगदी वेगवेगळं.

एकच बघायला वेळ असेल तर ‘स्पिरिट ऑफ द मॅरेथॉन’ (२००७) बघा. २००५ च्या शिकागो मॅरेथॉनची तयारी करणारे सहा जण यात आहेत. त्यांतले दोघे अव्वल दर्जाचे: अथेन्स ऑलिंपिकची कांस्यपदक विजेती डीना कॅस्टर आणि केनियाचा डॅनियल न्जेंगा. बाकीचे चौघे नोकरी-संसार सांभाळून धावणारे. कुणाची पहिलीच फुल, कुणी सत्तरीच्या आसपासचे आजोबा. शर्यत शेवटी येते, त्याआधीचा बराच वेळ तयारीच्या महिन्यांना दिलेला आहे आणि नवख्याला तेच बघायला हवं. सहांपैकी एकाला गुडघ्याच्या दुखापतीमुळे स्टार्ट लाइन गाठताच येत नाही. हा भाग लक्ष देऊन बघा, कारण पहिल्या फुलची तयारी बहुतेकदा अशाच दुखापतीने मोडते. आठवड्याचं एकूण अंतर आणि वेग, दोन्ही एकदम वाढवले की दम टिकतो, पण स्नायुबंध आणि हाडं मागे पडतात; त्यांना जुळवून घ्यायला जास्त आठवडे लागतात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट वाढवायची आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक हलका आठवडा ठेवायचा.

दुसरं, कॅस्टरचा शेवट. ती २ तास २१ मिनिटं २५ सेकंदांत जिंकली, मागची धावपटू जेमतेम पाच सेकंदांवर होती. अखेरच्या टप्प्यात तिचे खांदे नि चेहरा बघा. ३० किलोमीटरनंतर स्नायूंतली साठवलेली साखर संपत आली की अव्वल धावपटूंनाही काय होतं, ते तिथे उघड दिसतं. एक उणीव मात्र ध्यानात ठेवा: शिकागोचा रस्ता सपाट आहे. मुंबईचा दमटपणा आणि पेडर रोडचा चढ यांची तयारी या चित्रपटातून होणार नाही.

‘ब्रेकिंग टू’ (२०१७) जेमतेम तासाभराचा आहे आणि तांत्रिक बाबींत रस असणाऱ्याला खिळवून ठेवतो. ६ मे २०१७ ला पहाटे इटलीतल्या मोंझाच्या कार रेसिंग ट्रॅकवर एलिउड किपचोगे, लेलिसा देसिसा आणि झेरसेनाय तादेसे दोन तासांची मर्यादा मोडायला उतरले. पुढे बाणाच्या टोकासारखी रचना करून वारा अडवणारे पेसर (ठरलेला वेग राखून देणारे साथीदार धावपटू), त्यांच्यापुढे गाडी, रस्त्यावर लेझरची रेघ. किपचोगेने २:००:२५ वेळ दिली. पेसर आळीपाळीने बदलत असल्याने तो अधिकृत विक्रम धरला गेला नाही. तीन महान धावपटूंपैकी दोघे बरेच मागे पडले, आणि अचूक योजनेनंतरही असं का होतं हे यातच सगळ्यात छान कळतं.

पण यातल्या युक्त्या पाच तासांत फुल संपवणाऱ्याने उचलू नयेत. किपचोगेचा वेग ताशी २१ किलोमीटर, पाच तासवाल्याचा साधारण साडेआठ. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तुम्हाला तो सहापट कमी जाणवतो. त्यामुळे कुणाच्या आडोशाने धावण्यापेक्षा पहिले दहा किलोमीटर ठरल्या वेगापेक्षा थोडे हळू काढलेत तर कितीतरी जास्त फायदा होईल.

‘स्किड रो मॅरेथॉन’मध्ये धावण्याचं तंत्र फारसं नाही. लॉस एंजेलिसचे न्यायाधीश क्रेग मिचेल यांनी बेघर आणि व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांसाठी उभ्या केलेल्या रनिंग क्लबची ही गोष्ट. मिचेल यांनीच ज्याला तुरुंगात धाडलं होतं, त्याने सुटून आल्यावर त्यांना मिडनाइट मिशन या संस्थेत बोलावलं आणि पुढे तिथूनच क्लब सुरू झाला. घरात ‘रोज पहाटे उठून कशाला धावतोस?’ असं विचारणारं कुणी असेल तर त्यांच्यासोबत हाच बघा.

पहिला माहितीपट तयारीच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच बघून टाका, दुखापतीचा धडा तेव्हाच कामी येतो. ‘ब्रेकिंग टू’ टेपरच्या, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करण्याच्या दिवसांत नको. पाय ताजे असतात, त्यात असलं बघितलं की इझी रनही नकळत जोरात होतो. आणि आदल्या रात्री यांतला कुठलाच नको. मुंबईत फुल पहाटे सुटते, तेव्हा बिब (छातीवर लावायचा क्रमांक), पिना आणि एनर्जी जेल पिशवीत भरून नऊच्या आत झोपा.