नवरा फौजेत, घर कोकणात: पत्र, फोन, व्हिडिओ कॉल की व्हॉइस मेसेज?

दापोली, मंडणगड, खेड या पट्ट्यातली मुलं पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जातात. लग्न मे महिन्यात होतं, पाऊस लागायच्या सुमारास त्यांची सुट्टी संपते आणि नवी सून सासरच्या माणसांत एकटी उरते. फोन आहे ना हातात, मग अडचण कसली, असं मुंबईच्या नातेवाइकांना वाटतं. अडचण दोन्हीकडे असते. तिकडे फोन कधी हातात येणार ते ड्युटी ठरवते, आणि इकडे खाडीकाठच्या वाडीत रेंज मिळवायला सड्यावर चढावं लागतं. मीही फौजीचीच बायको. चारही मार्ग वापरून झालेत, म्हणून माझं मत आधीच सांगते: रोजच्याला व्हॉइस मेसेज, काही ठरवायचं असेल तर फोन, मनात खोल काही असेल तर पत्र. व्हिडिओ कॉल सणासुदीपुरता.

पण त्याआधी पोस्टिंग कुठं आहे ते बघा. जम्मू-काश्मीर किंवा लडाख असेल तर महाराष्ट्रात घेतलेलं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, पोस्टपेड चालतं. जायच्या आधीच पोस्टपेड करून घेतलं की नंबर तोच राहतो. हे माहीत नसल्यामुळे किती मुलींनी पहिला आठवडा रडून काढलाय! तो पोचला, फोन बंद, आणि कारण एवढंच. सियाचीनलाही आता टॉवर आहेत, बीएसएनएलचा 2023 मध्ये लागला, जिओचा जानेवारी 2025 मध्ये. तरी टॉवर असला म्हणजे फोन जवळ असेलच असं नाही. काही ठिकाणी तो जमा करावा लागतो. आणि कुठलं ॲप वापरायचं ते त्यांनाच ठरवू द्या. जुलै 2020 मध्ये सैन्यानं 89 ॲप मोबाइलमधून काढायला लावली होती, त्यांत फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. नियम बदलत राहतात, त्यांच्याकडे ताजी सूचना असते.

व्हिडिओ कॉलचं सगळ्यांना फार अप्रूप. बाळ उपडं पडायला लागलं, गणपतीची आरती चाललीय, तेव्हा त्याला तोड नाही, हे खरंच. पण दोन्हीकडे चांगलं नेट लागतं, आणि आपल्याकडे पावसात ते कुठून आणायचं? चेहरा मध्येच थिजतो, अर्धा वेळ ‘ऐकू येतंय का’ यातच जातो. शिवाय तिकडे बराकीत आजूबाजूला जवान, इकडे माजघरात सासूबाई, दीर, शेजारच्या काकू. सगळे त्यांच्याशी बोलतात, बायकोच्या वाट्याला ‘बरी आहेस ना’ एवढंच येतं. आणखी एक, कॅमेरा फिरवून डोंगर दाखवा, खोली दाखवा असा हट्ट कधीच धरू नये. मागं काय दिसतंय याची काळजी त्यांना घ्यावीच लागते.

साधा फोन कामाचा. मुलाचा शाळाप्रवेश, आईंचं ऑपरेशन, जमिनीची मोजणी, अशा गोष्टी बोलून लगेच ठरवता येतात. फोन त्यांनीच करायचा, आपण वाट बघायची, असं ठरवून टाका, म्हणजे गार्ड ड्युटीवर असताना आपल्या मिस्ड कॉलनी त्यांचा जीव टांगणीला लागत नाही. विचारायच्या गोष्टी कागदावर लिहून ठेवा. दहा मिनिटं कशी जातात कळत नाही.

आता व्हॉइस मेसेज. माझ्या लेखी याच्याइतकं फौजीच्या बायकोला सोयीचं दुसरं काही नाही. दोघांनी एकाच वेळी मोकळं असायची गरज नाही, यातच सगळं आलं. विहिरीवर, काजूच्या बागेत, घरात कुणी नसताना मनासारखं बोलून ठेवायचं. रेंज मिळाली की तो आपोआप जातो. ते रात्री ड्युटीवरून आले की इअरफोन लावून पडल्या पडल्या ऐकतात, हवं तर दोनदा ऐकतात. लिहिलेल्या मेसेजमधून राग आहे की थट्टा ते कळत नाही. आवाजात कळतं, आणि सर्दी झालीय हेही कळतं. मुलं तर पडवीत बसून त्यांना पाढे म्हणून दाखवतात, पावसाचा आवाज मागं असतोच. तोटाही आहे. भांडण मेसेजवर करू नये. चिडून बोललेलं तिकडे पोचतं, ते उत्तर देऊ शकत नाहीत आणि ते डोक्यात घेऊनच ड्युटीला जातात. भांडायचं असेल तर फोनवर, तेही मिटवूनच ठेवायचं.

पत्राचं कौतुक करणारे पुष्कळ, लिहिणारे थोडे. पत्र आठ दिवसांनी पोचतं, कधी पंधरा. त्यामुळे प्रश्न विचारायला ते उपयोगाचं नाही, उत्तर येईपर्यंत प्रश्न शिळा होतो. पण त्यांच्या चौकीवर फोनच नसेल तर पत्राशिवाय गत्यंतर नाही. आणि काही गोष्टी तोंडानं निघतच नाहीत. सासरी काय सलतंय, दुसरं मूल हवं की नको, त्यांनी निवृत्ती घ्यावी की आणखी सेवा वाढवावी, हे मी पत्रातच लिहू शकले, कारण लिहिताना मध्ये कुणी बोलत नाही. पाकीट पाच रुपयांना मिळतं, त्यात मुलांनी काढलेलं चित्र जातं. आंतर्देशीय अडीच रुपयांचं, पण त्यात काही घालता येत नाही. पत्त्यावर त्यांचा आर्मी नंबर, रँक, नाव, युनिट आणि द्वारा 56 एपीओ (म्हणजे सैन्याचं पोस्ट ऑफिस) किंवा 99 एपीओ, पिनकोड 9 ने सुरू होणारा. गावाचं किंवा ठिकाणाचं नाव अजिबात लिहू नये. 56 ची टपाल दिल्लीहून पुढं जाते, 99 ची कोलकात्याहून, त्यांचं ठाणं कुठं आहे ते सैन्याच्या टपालसेवेला ठाऊक असतं. आलेली पत्रं पत्र्याच्या डब्यात ठेवा, आपल्या दमट हवेत कपाटात त्यांना बुरशी येते.

आणि सगळंच बंद पडलं तर? 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत विजेचे खांब आडवे झाले, टॉवर मुके झाले, कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. त्यांच्या बाजूलाही असं होतं. 5 ऑगस्ट 2019 ला काश्मीरमध्ये फोन बंद झाले, पोस्टपेड मोबाइल ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू झाले आणि 4जी यायला फेब्रुवारी 2021 उजाडला. अशा वेळी चारांतला एकही मार्ग नेहमीसारखा चालत नाही. तेव्हा दुसऱ्या जवानाच्या घरून निरोप कळतो. म्हणून त्यांच्या दोन-तीन सोबत्यांच्या घरचे नंबर, युनिटचा नंबर आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर मोबाइलमध्ये नव्हे, कागदावर लिहून घरात ठेवा. घरात कुणी गंभीर आजारी असेल तर याच नंबरांवरून तिकडे कळवता येतं. उलट, ‘युनिटमधून बोलतोय’ म्हणत तुमचे पती सध्या कुठं आहेत असं कुणी विचारलं तर काही न सांगता फोन ठेवायचा आणि त्यांना कळवायचं.

सुट्टीचा शेवटचा दिवस बॅग भरण्यात जातो, म्हणून हे सगळं त्याच्या आदल्या दिवशी दोघांनी बसून उरकावं: सिम पोस्टपेड झालंय का बघावं, पत्ता त्यांच्याच हातानं वहीत लिहून घ्यावा, आणि चार पाकिटांवर तो आधीच घालून ठेवावा.