१४ दिवस दंडावर ग्लुकोज सेन्सर लावला, पैसे वसूल झाले पण एकदाच घ्या

आधी सांगतो की मला डायबेटीस नाही, बॉर्डरवर आहे. वय ४६, वजन ५८ किलो, उंची ५ फूट ७, पुण्यात आयटीत बसून नोकरी. लोक म्हणतात तू तर काडी आहेस तुला कसली शुगर, आणि मार्चमध्ये एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) आली ६.१. वडिलांना शुगर होती त्यामुळे झोप उडाली माझी. भात सोडला, आंबा सोडला, चहातली साखर सोडली, तीन महिन्यांनी परत टेस्ट केली तर ६.०. मग एका मित्राच्या सांगण्यावरून हा १४ दिवसांचा सेन्सर मागवला, साडेचार हजारांच्या आसपास पडला.

लावायला काहीच त्रास नाही. दंडाच्या मागच्या बाजूला स्पिरिटने पुसायचं, ते डबडं दाबायचं, टक् आवाज येतो आणि झालं, आत केसासारखी बारीक तार राहते ती जाणवत पण नाही. तासाभराने फोनवर आकडे दिसायला लागतात. पहिल्या दिवसाचे आकडे मनावर घेऊ नका, माझे ग्लुकोमीटरपेक्षा वीस-पंचवीसने इकडेतिकडे होते, दुसऱ्या दिवसापासून बरे जुळले. हा सेन्सर रक्तातली साखर थेट मोजत नाही, पेशींच्या मधल्या पाण्यातली मोजतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटं उशिरा दाखवतो हे पण डोक्यात ठेवा.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे लिहायला बसलोय. मी एकच जेवण तीन दिवस तसंच्या तसं जेवलो. दोन वाट्या भात, वरण, बटाट्याची भाजी, वजनकाट्यावर मोजून. पहिल्या दिवशी जेवून लगेच लॅपटॉपसमोर बसलो, तासाभरात १७८. दुसऱ्या दिवशी शतपावली केली, म्हणजे गॅलरीत खरोखर शंभरच पावलं, १७१ म्हणजे फारसा फरक नाही. तिसऱ्या दिवशी जेवण संपल्यावर दहाव्या मिनिटाला खाली पार्किंगमध्ये गेलो आणि १५ मिनिटं भराभर चाललो, मधे दोनदा तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना. १३९! तोच भात तेच वरण. मी पार्किंगमध्येच उभा राहून फोनकडे बघत होतो, तीन महिने ज्या भाताला शत्रू समजून ताटाबाहेर ठेवला तो भात पायांनी जिरवला माझ्या डोळ्यासमोर.

मग डॉक्टरांना विचारलं, थोडं स्वतः वाचलं, तेव्हा गणित कळलं. आपल्या अख्ख्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे एक चमचा. आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठवता येते ती ४०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे खरं कोठार स्नायू आहेत, रक्त नुसता रस्ता. स्नायूत साखर आत घ्यायला ग्लुट-४ नावाचे वाहक असतात, ते एरवी पेशीच्या आत बसून असतात आणि इन्सुलिनने हाक मारली की वर येतात. पण स्नायू आकुंचन पावायला लागला, म्हणजे तुम्ही चालायला लागलात, की ते इन्सुलिनची वाट न बघता वेगळ्या वाटेने पण वर येतात. माझ्यासारख्याचं इन्सुलिन नीट काम करत नाही, तर हा दुसरा दरवाजा उघडा आहे की! आणि स्नायूत गेलेली साखर परत रक्तात येत नाही, ती त्या स्नायूलाच वापरावी लागते. मी दिवसभर बसून, म्हणजे कोठार कायम भरलेलं, त्यात कोठारच लहान कारण अंगावर मांस नाही.

हे बारीक माणसाचं दुखणं आपल्याकडे नवीन नाही. आपल्या पुण्यातल्याच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला फोटो बघा, ते स्वतः आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बीएमआय बघितला तर दोघे सारखेच. मी हे वाचल्यावर वजन कमी करायचा विचार डोक्यातून काढून टाकला, मला स्नायू वाढवायचेत.

एक गोष्ट घाबरवून गेली ती सांगतो म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. सकाळी उपाशीपोटी जोरात स्क्वॉट्स आणि डंबेल केले तर साखर १०४ वरून १३१. काही खाल्लेलं नाही आणि वाढली कशी! तर जोराच्या व्यायामात अॅड्रेनॅलिन वाढतं आणि लिव्हर साखर सोडतं, थोड्या वेळाने आपोआप खाली येते. उलट त्या दिवशीचं दुपारचं जेवण आणि दुसऱ्या दिवशीचा नाश्ता दोन्ही शांत गेले, कारण व्यायामाचा परिणाम दिवस दीड दिवस टिकतो. म्हणून दिवसाआड व्यायाम, हे गणित मला पटलं.

साबुदाण्याच्या खिचडीबद्दल लिहायलाच हवं. चतुर्थीला एक प्लेट, ५० मिनिटांत २०३. १४ दिवसांतला सगळ्यात मोठा आकडा, भात बिचारा उगाच बदनाम. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. पुढच्या वेळी निम्मी खिचडी, दाण्याचं कूट जास्त, सोबत वाटीभर दही, वर चालणं, तर १५२.

आता जे आवडलं नाही ते. रात्री त्या कुशीवर झोपलं की सेन्सर दाबला जातो आणि खोटा कमी आकडा दाखवतो. पहाटे तीनला ५८ चा अलार्म, बायको धावत साखर-पाणी घेऊन आली, बोटाला टोचून बघितलं तर ९६. याबद्दल पॅकेटवर ठळक लिहायला पाहिजे. नवव्या दिवशी घामाने कडा सुटायला लागली, केमिस्टकडची कागदी चिकटपट्टी लावून शेवटपर्यंत ओढलं. कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा वेगळं उत्तर.

आणि सगळ्यात मोठी मर्यादा म्हणजे हा फक्त साखर दाखवतो, खाणं चांगलं की वाईट ते नाही. मी एक दिवस शेव-फरसाण खाल्लं तर ग्राफ एकदम सपाट, कारण तेलामुळे पोट हळू रिकामं होतं. म्हणून फरसाण चांगलं का? आणि केळ्याने थोडी वर गेली म्हणून बायको घरात केळी आणायला घाबरायला लागली, हे चुकीचं आहे. प्रोटीन तर यात दिसतच नाही. आयसीएमआर या आपल्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबाने रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे मला ४८ ग्रॅम निदान. वहीत लिहून काढलं तेव्हा मी ३५ च्या आसपास होतो, पोहे, चहा-बिस्कीट, पातळ वरण, कुठून येणार प्रोटीन. आता सकाळी दोन अंडी, दुपारी मोड आलेल्या मटकीची उसळ भाजीएवढी नाही तर भाकरीच्या बरोबरीने, संध्याकाळी मूठभर दाणे किंवा पनीर. उसळ आधी आणि भाकरी नंतर खाल्ली तर स्पाइक, म्हणजे साखरेची उडी, कमी, हे पण दोनदा तपासलं.

इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर असे प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करा, साखर खरोखर खाली जाऊ शकते.

मी दुसरा सेन्सर मागवणार नाही, आकडे पाठ झाले. आईला मात्र एक लावणार आहे, ती ७२ ची आहे, जेवली की लगेच आडवी होते, आणि माझ्या सांगण्यापेक्षा फोनवरचा आकडा तिला जास्त पटेल. काढताना कडेला खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबा, तसाच ओढला तर कातडी लाल होते.